एक दिवस, एकच तट

जहाज लिव्होर्नोच्या धक्क्याला लागतंय. सकाळचे सात वाजायला आलेत आणि तुम्ही वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभे आहात. समोर क्रेन, कंटेनरच्या रांगा आणि त्यांच्यामधून डोकं काढणारा लाल विटांचा जुना किल्ला. जहाजावरचे बहुतेक प्रवासी पिसाचा कललेला मनोरा बघायला निघालेत, उरलेले फ्लोरेन्सला. तुम्हाला मात्र तटबंदीचं गाव बघायचंय. संध्याकाळी पाच-साडेपाचच्या आत परत जहाजावर पाय ठेवायचाय. जाण्यायेण्याचा वेळ वजा केला तर हातात सहा तास उरतात, फार तर सात.

टस्कनीच्या नकाशावर तुम्ही चार नावांना गोल केलेत: मोन्तेरिज्जोनी, सान जिमिन्यानो, व्होल्तेर्रा, लुक्का. बरोबरचे म्हणतायत, दोन करू. एक सकाळी, एक दुपारी. ऐकू नका. दोन गावं घेतलीत तर दिवसभर बसची काच बघाल, आणि तटाच्या आत जेवायलाही बसणार नाही.

फोटो बघून गाव निवडू नका, सन बघून निवडा. प्रत्येक तटाच्या आयुष्यात एखादा दिवस असा येतो की तो तट कशासाठी होता हे त्या दिवशी उघड होतं. त्या दिवसात शिरा, आतल्या लोकांमध्ये उभे राहा आणि मग ठरवा.

सुरुवात सर्वांत लहान गावापासून करा. 1554 चा एप्रिल. तुम्ही मोन्तेरिज्जोनीच्या तटावर सिएनाच्या शिपायांबरोबर पहाऱ्याला आहात. परीघ जेमतेम 570 मीटर, बुरूज चौदा, वेशी दोन. 1213 ते 1219 या वर्षांत सिएनाने फ्लोरेन्सवर नजर ठेवण्यासाठी हा कोट बांधला. कवी दान्तेने नरकातले राक्षस रंगवताना याच बुरुजांची उपमा दिली, इतके ते अंगावर येणारे. आज मात्र तट धडधाकट असताना वेस आतून उघडतेय. किल्लेदार जोव्हान्नीनो झेती हा फ्लोरेन्समधून हद्दपार झालेला माणूस. फ्लोरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याची मर्जी पुन्हा मिळावी म्हणून तो किल्ला त्यांच्या हवाली करतो. शेजारचा शिपाई तुमच्याकडे बघतो, तुम्ही त्याच्याकडे. दोघांच्याही हातात काही उरलेलं नाही. गाव सुंदर आहे, पण अर्ध्या तासात बघून होतं. सिएनाच्या वाटेवर असाल तर जरूर थांबा. जहाजावरून उतरून मुद्दाम तेवढ्यासाठी जाऊ नका.

आता सान जिमिन्यानो. सन 1300, मे महिना. तुम्ही दक्षिणेकडच्या सान जोव्हान्नी वेशीतून आत येता. रस्ता चढाचा, दोन्ही बाजूंना घरं, आणि मान वर केली की आभाळाच्या पट्टीत घुसलेले दगडी मनोरे. एक नाही, दोन नाही. या गावात बहात्तर मनोरे होते असं सांगतात. हा रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंचा रस्ता आहे, त्यामुळे गल्लीत गर्दी आहे आणि गावात पैसा आहे. त्यातला बराच पैसा केशराचा. इथलं केशर इतकं मोलाचं की 1228 मध्ये गावाने युद्धापायी झालेल्या कर्जाचा काही भाग केशराने फेडला.

चौकातल्या विहिरीपाशी थांबा. 1273 च्या सुमाराची ही अष्टकोनी विहीर, हिच्यामुळेच चौकाचं नाव पियात्सा देल्ला चिस्तेर्ना पडलं. तुमच्यापुढे रांगेत बायका आहेत, दोर काठावरून घसटत खाली जातोय. दगडावर त्याची अजून खूण उमटलेली नाही. आज तुम्ही गेलात तर काठावर बोट फिरवून बघा. शेकडो वर्षांच्या दोरांनी कापलेल्या खाचा बोटाला लागतात.

नगरसभेच्या वाड्यात फ्लोरेन्सहून आलेला पस्तिशीचा दूत बोलतोय. पोपच्या पक्षाच्या शहरांनी एकजूट करावी, म्हणून तो गळ घालतोय. त्याचं नाव दान्ते आलिगिएरी, आणि तो ज्या दालनात बोलला त्याला आजही त्याचंच नाव आहे. सभेतले लोक ऐकून घेतात, पण त्यांचं लक्ष एकमेकांकडे आहे. एका बाजूला सालवुच्ची, दुसऱ्या बाजूला आर्दिंगेल्ली. दोन घराण्यांचं हाडवैर. नगरसभेच्या ‘रोन्योझा’ मनोऱ्यापेक्षा उंच मनोरा कुणी बांधू नये, असा कायदा 1255 मध्ये झाला. सालवुच्चींनी शेजारीशेजारी दोन बांधले आणि कायद्याला वळसा घातला. आता नगरसभेच्या वाड्यालगत आणखी एक मनोरा उभा राहतोय, तोर्रे ग्रोस्सा. 1311 मध्ये तो पूर्ण होईल तेव्हा 54 मीटरचा असेल.

आणि इथे उभं राहिल्यावर तुमच्या लक्षात येतं की या गावाने आपली सगळी उंची आतल्या माणसांविरुद्ध खर्च केली. गावाभोवतीचा तट दोनेक किलोमीटरचा आणि चांगला भक्कम आहे, पण भीती शेजारच्या घराची आहे. 1348 मध्ये प्लेग आला तेव्हा गाव निम्म्याहून रिकामं झालं, आणि 1353 मध्ये थकलेल्या गावाने फ्लोरेन्सचं वर्चस्व पत्करलं. त्यानंतर नवे वाडे बांधायला पैसाच उरला नाही. आज तिथे चौदा मनोरे दिसतात ते त्या दारिद्र्याने राखलेले आहेत. मध्ययुगातलं गाव वरपासून खालपर्यंत बघायचं असेल तर टस्कनीत याला जोड नाही. पण सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात, म्हणजे नेमके तुम्ही असाल तेव्हा, सगळ्या बंदरांवरच्या सगळ्या बस तिथेच असतात. हे गाव मुक्कामाचं आहे. संध्याकाळी बस गेल्यावर ते पुन्हा आपल्या माणसांचं होतं, आणि तेव्हा तुम्ही जहाजावर असता.

व्होल्तेर्राला मात्र वेळ द्या, कारण इथे तुम्हाला हातभार लावायचाय.

30 जून 1944. उन्हाळ्यातला लांबलचक दिवस. सव्वापाचशे मीटर उंचीच्या डोंगरावरचं हे गाव जर्मन सैन्याच्या ताब्यात आहे आणि दक्षिणेकडून अमेरिकन फौजा चढत येतायत. तुम्ही पोर्ता आल्लार्को या वेशीपाशी उभे आहात. वेशीच्या पायातले अजस्र दगड एत्रुस्कन लोकांनी ख्रिस्तपूर्व काळात रचले. वर कमानीवर तीन काळपट मुंडकी आहेत. दोन हजारांहून जास्त वर्षांच्या वाऱ्यापावसाने त्यांचे नाक-डोळे पुसून टाकलेत, आता ते देव होते की शत्रू हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. रोमचा सेनापती सुल्ला याने हे गाव सुमारे दोन वर्षं वेढलं होतं. तेव्हाही ही मुंडकी इथूनच खाली बघत होती असं मानायला जागा आहे, कारण गावातल्या ग्वार्नाच्ची संग्रहालयातल्या एका जुन्या अस्थिकलशावर अशीच तीन मुंडक्यांची वेस कोरलेली आहे.

जर्मनांनी ठरवलंय की ही वेस सुरुंगाने उडवायची, म्हणजे ढिगाऱ्याने रस्ता बंद होईल आणि रणगाडे वर येणार नाहीत. गावकरी म्हणतात, रस्ता बंद व्हायला हवाय ना? आम्हीच बंद करून देतो. मुदत चोवीस तासांची. कुदळ, पहार, जे मिळेल ते घेऊन लोक वेशीकडे जाणारा रस्ताच उखडायला लागतात. फरसबंदीचा एकेक दगड निघतो, हातोहात पुढे सरकतो. तुम्हीही रांगेत आहात. डाव्या बाजूचा म्हातारा तुमच्या हातात दगड देतो, तुम्ही तो उजवीकडच्या बाईला देता. दगडाला खालून ओली माती चिकटलेली आहे. कडा बोथट, वरची बाजू पावलांनी गुळगुळीत. हात सोलवटतात, कुणी थांबत नाही. कमान खालून वर दगडांनी भरत जाते, आणि मुदत संपायच्या आत वेस बुजते. सुरुंग लागत नाही. काही दिवसांत गाव मोकळं होतं आणि तेच दगड पुन्हा रस्त्यात बसवले जातात. आज त्या रस्त्याने उतराल तेव्हा पायाखाली ते असतात. वेशीजवळच्या फलकावर त्या दिवसाची नोंद आहे. वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मराठी माणसाने या रांगेत उभं राहून एकदा पूर्वेकडे बघावं. याच युद्धात, या दिवसानंतर अवघ्या दहा दिवसांनी, शंभराहून जास्त किलोमीटरवर तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. माणगाव तालुक्यातला बावीस वर्षांचा मुलगा. मशीनगनच्या माऱ्यात त्यांची तुकडी कोसळली, तेव्हा ते एकटे त्या मोर्च्यावर धावून गेले आणि तो बंद पाडला. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पेरुजाजवळच्या मोन्तोने या गावात 2023 मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं. मोन्तोने हेही टेकडीवरचं, तटाच्या आतलं गाव. लिव्होर्नोहून एका दिवसात ते जमत नाही, पण कधी जमिनीवरून इटलीत गेलात तर ते यादीत असू द्या. आपल्या माणसांनी ज्या भूमीवर रक्त सांडलं तिथे आपण फक्त पिझ्झा खाऊन परत यावं, हे मला पटत नाही.

व्होल्तेर्राची अडचण एकच: रेल्वे गावापर्यंत जात नाही. गाडी भाड्याने घ्यावी लागते, रस्ता वळणांचा, गाव चढउतारांचं. बरोबर गुडघ्यांचं दुखणं असलेलं कुणी असेल तर विचार करा. चालणारे पाय आणि भरवशाचा चालक असेल तर मात्र हे गाव सान जिमिन्यानोच्या आधी धरा.

राहिलं लुक्का. 18 नोव्हेंबर 1812. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. उत्तरेकडून येणाऱ्या सेर्क्यो नदीने काठ सोडलाय आणि पाणी शेतं गिळत शहराकडे सरकतंय. तुम्ही तटावर, झाडांखाली, भिजत उभे आहात. तट बारा मीटर उंच आहे, पण उंचीपेक्षा त्याची जाडी बघा. बाहेरून विटा, आत मातीचा प्रचंड भराव, आणि वर बैलगाड्या जातील एवढा रस्ता. खाली वेशी लावून घेतल्यात. लोक फळ्या, चिंध्या, माती, मिळेल ते घेऊन दरवाजांच्या फटी बुजवतायत. बाहेर पाणी चढतंय, आत रस्ते कोरडे आहेत.

लुक्काची राज्यकर्ती तेव्हा नेपोलियनची बहीण एलिझा. तीही बाहेर अडकली. वेस उघडली तर शहर बुडणार, म्हणून तिला दोरखंडाने तटावरून वर ओढून आत घेतलं, असं लुक्कात आजही सांगतात. या बाईने वर्षभरापूर्वीच तटाला पूर्वेकडे एक नवी वेस पाडून घेतली होती, आजही ती तिच्या नावाने ओळखली जाते.

ज्या शत्रूसाठी हा तट बांधला तो कधी आलाच नाही, म्हणून त्याला वाया गेलेला खर्च म्हणणारे भेटतील. त्यांचं मानू नका. 1494 मध्ये फ्रान्सचा राजा नव्या तोफा घेऊन इटलीत उतरला आणि उंच, पातळ, मध्ययुगीन तट एका दिवसात निरुपयोगी ठरले. दोन पावलांवरचं फ्लोरेन्स टपून बसलेलं. पिसा 1509 मध्ये गेलं, सिएना 1555 मध्ये. लुक्काच्या रेशमाच्या व्यापाऱ्यांनी 1504 पासून जवळजवळ दीडशे वर्षं पैसा ओतून ठेंगणा, रुंद, तोफगोळा मातीत जिरवणारा तट उभा केला. पुढे आलेल्या बुरुजांमुळे तटाच्या पायथ्याचा एकही कोपरा तोफेच्या नजरेबाहेर राहत नाही. कुणी हल्ला केला नाही, कारण करण्यात अर्थ नव्हता. लुक्का 1799 पर्यंत स्वतंत्र प्रजासत्ताक राहिलं. दक्षिणेच्या सान पिएत्रो वेशीवर कोरलेला ‘लिबेर्तास’, म्हणजे स्वातंत्र्य, हा शब्द तटाने राखला.

अजून एक सन बघा, कारण माझ्या मते निवड इथे होते. 1866. इटली नुकती एक झालीये. राजधानी झालेलं फ्लोरेन्स मोठे रस्ते काढण्यासाठी आपला जुना तट पाडतंय, आणि युरोपभर शहरं तेच करतायत. लुक्काचा तट सरकारजमा झालेला. तेव्हा लुक्काच्या नगरपालिकेने आपलाच तट सरकारकडून पैसे देऊन विकत घेतला आणि लोकांना फिरायला ठेवला. लढाईसाठी निरुपयोगी झालेली वास्तू, तरीही घेतली. आज 4.2 किलोमीटरचा तो घेर अखंड आहे. मला इटलीत तटबंदी पुष्कळ ठिकाणी आवडते; लुक्काबद्दल आदर वाटतो.

आता आजच्या दिवसात परत या. जहाजाच्या शटलने लिव्होर्नो शहरात, तिथून शहर बसने रेल्वे स्टेशन, पिसाला गाडी बदलून लुक्का. कागदी तिकीट घेतलं असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. लुक्काच्या स्टेशनबाहेर पडलात की समोर गवताचं रुंद मैदान आणि त्यापलीकडे तट. वेशीकडे वळू नका. गवतातून एक पायवाट सरळ तटाकडे जाते आणि बुरुजाच्या पोटातल्या बोगद्यात शिरते. वेढा पडला तर शिपायांनी गुपचूप बाहेर पडावं म्हणून ठेवलेला तो रस्ता. आत गारवा, विटांची ठेंगणी कमान, थोडा चढ, आणि तुम्ही एकदम झाडांच्या सावलीत, तटाच्या माथ्यावर.

आधी पूर्ण फेरी मारा. पायी सव्वा तास, सायकल भाड्याने घेतली तर अर्धा. एका हाताला कॅथेड्रलचा पांढरा संगमरवर, परसातल्या बागा, वाळत घातलेले कपडे. दुसऱ्या हाताला आपुआन डोंगर. आजोबा नातवंडांना घेऊन येतात, मुली पळायला येतात. हे पर्यटकांसाठी मांडलेलं नाही. मग खाली उतरा. आम्फितेआत्रो चौकात शिरण्याआधी त्याला बाहेरून वळसा घाला. राहत्या घरांच्या भिंतींत रोमन अ‍ॅम्फिथिएटरच्या कमानी तशाच चिणलेल्या दिसतात. खेळ संपले, तेव्हा लोकांनी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरच घरं बांधली, म्हणून चौक अजून लंबगोल आहे.

तिथून दोन मिनिटांवर सान फ्रेदियानोचं चर्च. आत काचेच्या पेटीत 1272 मध्ये वारलेली संत झिता आहे. लहानपणापासून मरेपर्यंत एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरची मोलकरीण. आपल्या जनाबाईच्या थोडी आधीची, तिच्यासारखीच दुसऱ्याच्या घरी राबता राबता देवाला पोचलेली. घरकाम करणाऱ्यांची ती कैवारी मानली जाते. पेटीपाशी दोन मिनिटं उभे राहा. तट कुणाच्या कष्टावर उभे राहतात हे त्या सुरकुतलेल्या लहानशा हातांकडे बघून समजतं. बाहेर पडल्यावर बेकरीतून मनुका घातलेला, अ‍ॅनिसच्या वासाचा बुच्चेल्लातो पाव घ्या आणि खायला पुन्हा तटावर जा.

तर माझा निवाडा असा. पहिल्यांदा जाणाऱ्याने, वडीलधारी किंवा लहान मुलं बरोबर असणाऱ्याने, गाडी नसलेल्याने लुक्का घ्यावं. सपाट आहे, रेल्वे तटापर्यंत येते आणि सहा तासांत ते मनासारखं बघून होतं. दुसऱ्यांदा लिव्होर्नोला उतरणाऱ्याने व्होल्तेर्रा. सान जिमिन्यानोला जायचं तर तिथे रात्र काढायच्या तयारीने, जहाज सोडून.

आणि लुक्काहून निघताना ठरवलेल्या गाडीच्या आधीची गाडी धरा. जहाज कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. स्वतःच्या तिकिटाने गेलेल्यांसाठी थांबत नाही.